कुंपणाचा अपराध

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. संगणकाच्या अल्पशा इतिहासातही तो अधिक व्यापक रूपाने उभा राहिला आहे.

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अमेरिकन कंपनीने आपल्या विषाणुरोधक आज्ञावलीसाठी विषाणूंच्या खुणांची नवी यादी पाठविली. तिच्या आधारे त्या आज्ञावलीने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरविली. यंत्रे पुनःपुन्हा बंद पडून सुरू होऊ लागली. ऑस्ट्रेलियात कोल्स कंपनीची काही दुकाने बंद ठेवावी लागली. कंपनीने क्षमा मागितली आणि जग ते विसरले. त्या वेळी तिचे मुख्य तंत्राधिकारी जॉर्ज कुर्ट्झ हे होते. पुढे २०११ साली सहकाऱ्यांसह त्यांनी क्राउडस्ट्राइक ही कंपनी स्थापन केली.

१९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकने आपल्या ‘फाल्कन’ या संरक्षक आज्ञावलीसाठी एक लहानशी फाइल जगभर पाठविली. चूक ध्यानी येऊन ७८ मिनिटांत ती मागेही घेतली. परंतु तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून निश्चल झाली. विंडोजवर चालणाऱ्या एकंदर यंत्रांच्या मानाने ही संख्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती विमानतळांतील, रुग्णालयांतील, बँकांतील यंत्रे होती. आपल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. दुरुस्तीसाठी यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती फाइल काढावी लागे, आणि बहुधा हे काम प्रत्येक यंत्रापाशी जाऊनच करावे लागे.

घडले होते ते असे. नव्या नियमाला २१ रकाने होते. आज्ञावली माहिती पुरवीत होती २० रकान्यांची. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असेच असल्यामुळे हा दोष झाकलेला राहिला. त्या दिवशी प्रथमच तेथील माहिती मागितली गेली आणि आज्ञावली आपली हद्द ओलांडून भलत्याच जागी वाचू लागली. फाइलींची तपासणी करणाऱ्या यंत्रणेतही दोष होता; तिने ही फाइल निर्दोष ठरविली. साधी आज्ञावली असती तर ती एकटीच कोसळली असती. परंतु फाल्कनचा वावर कार्यप्रणालीच्या गाभ्यात होता, आणि गाभ्यात असा प्रमाद घडताच अधिक हानी टाळण्यासाठी सारी प्रणाली थांबते.

मग अपराधी कोण? गाभ्याची किल्ली परक्याला दिलीच का, असे मायक्रोसॉफ्टला विचारले गेले. २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेल्या हमीमुळे आपले हात बांधलेले होते, असे तिच्या बाजूने सांगण्यात आले. आयोगाने ते मान्य केले नाही. डेल्टा या विमान कंपनीने सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाल्याबद्दल क्राउडस्ट्राइकवर दावा लावला. इतर विमान कंपन्या लवकर सावरल्या, डेल्टाच का मागे राहिली, असा उलट सवाल तिला झाला. यातील कोणतेही उत्तर सर्वस्वी पोकळ नाही.

तथापि चूक आणि धोरण यांत भेद केला पाहिजे. वीस आणि एकवीस यांचा घोळ ही चूक होय. ती कोणत्याही कारकुनाच्या हातून होईल. पण ती फाइल आधी थोड्या यंत्रांवर चालवून न पाहता एकदम सर्वत्र पाठविणे, हे धोरण होते. ग्राहकांना मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती काही काळ थोपविता येत असे; असल्या फाइली मात्र थोपविता येत नसत. ज्याला नकार देण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्या माथी दोष कसा मारावा? सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे क्षमा मागितली. अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे आणि ग्राहकांना त्यांवर अधिक ताबा देण्याचे कंपनीने त्याआधीच मान्य केले होते. गाभ्याबाहेर राहूनही पहारा करता यावा, यासाठीचे प्रयत्न मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर केले.

हे सारे उपाय २०१० नंतरही सुचण्याजोगे होते. एका क्षणात लाखो घरांत शिरण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याने उंबरठ्यावर क्षणभर थांबण्याची शिस्त स्वतःच पाळली पाहिजे. ती न पाळणे हाच खरा अपराध होय. रकान्यांचा घोळ हे केवळ निमित्त.