गुडघ्याच्या करंटची कुळकथा

बारामती एमआयडीसीत उभ्याने पाळी करून ज्यांचे गुडघे धरतात, त्यांना फिजिओथेरपीचं टेबल परकं नसतं. गुडघ्याभोवती पॅड चिकटतात, मुंग्या येतात, ठणका मवाळतो. घरी सांगायचं ते एवढंच, ‘करंट घेऊन आले.’

या करंटचं कूळ फार जुनं. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस सुजलेला, ठणकणारा पाय विजेच्या जिवंत माशावर ठेवायला सांगे, बधिर होईपर्यंत. असं का होतं याचं पटणारं उत्तर यायला 1965 उजाडलं. मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेला एक फाटक असतं आणि स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की ते लोटलं जातं. लागलेल्या जागी आपण चोळतो ते म्हणूनच. दोन वर्षांनी वॉल आणि स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसेला करंट देऊन पाहिला. पुढे डॉक्टर मज्जारज्जूपाशी शस्त्रक्रियेने यंत्र बसवण्याआधी रुग्णाला त्याचा उपयोग होईल का, हे जोखायला कातडीवरून करंट देऊ लागले. कित्येकांना तेवढ्यानेच आराम पडला! चाचणीची पेटीच उपचार झाली.

म्हणजे माणसांवर वापर आधी, शरीरात नेमकं काय घडतं याचा उलगडा नंतर. तो उलगडा उंदरांनी केला, आणि मला या कुळकथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांच्या गटाने उंदरांच्या गुडघ्यात केओलिन माती आणि समुद्रशैवालातलं कॅराजिनन टोचून सूज आणली, मग करंट दिला. 1999 मध्ये दिसलं ते असं: सेकंदाला 4 ठोक्यांचा संथ करंट आणि 100 ठोक्यांचा जलद करंट, दोन्ही शरीराचीच अफूसारखी रसायनं कामाला लावतात, पण वेगवेगळ्या ग्राहींमार्फत. पुढच्या प्रयोगांत मॉर्फिनला सरावलेल्या उंदरांवर संथ करंट चालला नाही, जलद चालला. रोज एकच करंट दिला तर चौथ्या दिवशी गुण ओसरला. दोन्ही वेग मिसळून दिले तेव्हा तो जास्त टिकला.

झिजलेली कूर्चा या करंटने भरून येत नाही. पण महिनोन्‌महिने एकाच सेटिंगवर पॅड लावून ‘आता काही वाटत नाही’ म्हणणाऱ्या बाईचं म्हणणं खोटं नाही. तिने फिजिओथेरपिस्टला वेग बदलायला सांगावं, आणि अफूवर्गातली वेदनाशामक गोळी चालू असेल तर तिचं नावही.