अॅक्रनच्या हॉटेलातला फोन

आजच्या भागात एका फोनची गोष्ट आहे.

तारीख 11 मे 1935, शनिवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अॅक्रन, रबर आणि टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस येरझाऱ्या घालतोय. वय 39. शेअर बाजारात नाव कमावलेलं, दारूपायी घालवलेलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. ज्या कामासाठी आला ते फिसकटलंय. लॉबीच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी.

तो फोनकडे वळला. तुम्हाला वाटेल, मदत मागायला. तर नाही! त्याने वॉल्टर टंक्स नावाच्या पाद्रींना विचारलं: गावात दारू सुटत नाही असा कुणी आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय.

असं का? कारण न्यूयॉर्कमध्ये तो महिनोन्‌महिने पिणाऱ्यांच्या मागे लागला होता. एकाचीही सुटली नव्हती. पण त्या खटपटीत तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. म्हणजे बघा, त्या संध्याकाळी त्याला दुसरा दारुडा हवा होता तो स्वतःला वाचवण्यासाठी.

फोनाफोनी करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ. वय 55, प्रॅक्टिस बुडायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाचला भेट ठरली. डॉक्टरांची अट होती, फक्त पंधरा मिनिटं. बसले सहा तासांहून जास्त! उपदेश ऐकायच्या तयारीने आलेल्या डॉक्टरांना समोरचा माणूस स्वतःचीच कहाणी सांगतोय हे पहिल्यांदाच दिसलं.

पुढे डॉक्टर एकदा घसरलेही. एका परिषदेला गेले आणि पिऊन परतले. पण बिलने त्यांना सोडलं नाही. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, 10 जून 1935, हाच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, आपला स्थापना दिवस मानते. मग दोघं मिळून हॉस्पिटलात पडलेल्या एका वकिलाला भेटले. तो तिसरा.

पण अशी चळवळ ही पहिली नव्हे, बरं का. 1840 मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा मित्रांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन चळवळ उभी राहिली. शपथा घेणारे लाखांत गेले, अब्राहम लिंकनने त्यांच्यासमोर भाषण केलं. तरी काही वर्षांतच ती विरली. जाहीर सभा वाढल्या, दारूबंदीच्या वादात ती ओढली गेली, आणि पिणाऱ्याने पिणाऱ्याशी बोलायचं, हा गाभाच निसटला.

एएने 1950 मध्ये मान्य केलेल्या बारा परंपरा वाचताना मला हे आठवलं. बाहेरच्या वादांवर मत द्यायचं नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही. नाव जाहीर करायचं नाही. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मध्यवर्ती सर्व्हर नाही. दोन-चार माणसं जमली की ग्रुप सुरू.

हे सगळं मी वाचायला लागलो ते मामामुळे. त्याच्यासाठी पुण्यात मीटिंग शोधली. पत्ता पटकन मिळाला, पण त्याचे पाय निघेनात. "त्या चांगल्या झालेल्या लोकांत माझं काय काम? उगाच त्यांना त्रास." शेवटी एका खुल्या मीटिंगला, जिथे घरच्यांनाही येता येतं, मी सोबत गेलो. चहा मिळाला. आडनाव कुणी विचारलं नाही. मामा तासभर गप्प बसला, कुणी बोलायला लावलं नाही. निघताना अनेक वर्षं न प्यायलेले एक काका म्हणाले, "आलात, बरं झालं. आज मला गरज होती." मला ते सौजन्य वाटलं. नंतर अॅक्रनचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की काका अक्षरशः खरं बोलत होते.

उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 लोक होते. एएकडे नेणारे पद्धतशीर कार्यक्रम दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. पण एक सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर. आपल्याकडे 1986 पासून पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्यांना हात देतात.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणी दाराशी अडखळला असेल, तर एवढंच सांगायचंय: आत बसलेल्यांवर तुम्ही ओझं नाही. नवा माणूस यावा म्हणूनच ती खोली उघडी असते. मागच्या खुर्चीत बसा, बोलू नका, चहा घ्या. पहिला ग्रुप जमला नाही तर दुसरा बघा.

भेटू पुढच्या भागात.