तुमच्या रक्ताचा जाब कोण विचारणार?

सन 622. खजुरीच्या बागांमधून वाट काढत तुम्ही यसरिबमध्ये शिरता. हे सलग वसलेलं शहर नव्हे. पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या लाव्हाचे खडकाळ पट्टे, आणि मधल्या हिरवळीत विखुरलेल्या वाड्या. वाडीवाडीला स्वतःची गढी आहे, कारण भीती शेजाऱ्याचीच आहे. पाचेक वर्षांपूर्वी बुआसच्या लढाईत औस आणि खजरज या इथल्या दोन मोठ्या कबिल्यांनी एकमेकांची कर्ती माणसं कापून काढली. ते हिशेब अजून मिटलेले नाहीत.

बागेत पाणी सोडणारा एक जण तुम्हाला हटकतो. नाव-गाव राहू द्या, तो आधी विचारतो : तू कुणाचा?

उत्तर जपून द्या. इथे राजा नाही, कोतवाल नाही, न्यायालय नाही. आहे ती भावकी. तुमचा कुणी खून केला तर बदला घेणार किंवा भरपाई वसूल करणार ती तुमची भावकी. ती नसेल तर तुम्हाला कुणीही मारावं, जाब विचारायला कोणी येणार नाही. आणि तुम्ही कुणाचा जीव घेतलात, तर त्याची किंमत तुमच्या निरपराध चुलतभावालाही मोजावी लागू शकते.

मक्केहून आलेले मुहाजिर याच पेचात आहेत. त्यांची भावकी मागे राहिली, एवढंच नव्हे, तीच वैरी झाली. पैगंबर मुहंमद सप्टेंबरात इथे पोचले. सहल आणि सुहैल या दोन पोरक्या भावांची जागा विकत घेऊन तिथे मशीद उभी राहते आहे : कच्च्या विटांच्या भिंती, खजुरीच्या बुंध्यांचे खांब. याच सुरुवातीच्या काळात एक लेखी करार होतो. त्याला सहीफा म्हणतात. मूळ पान आज उरलेलं नाही. मजकूर उतरला तो पुढच्या शतकातल्या इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथातून.

करार वाचला जातोय असं समजा आणि मागे उभे राहून ऐका. खरं सांगायचं तर सुरुवात कंटाळवाणी आहे. मक्केच्या कुरैश कबिल्याचे मुहाजिर आपली खूनभरपाई पूर्वीप्रमाणे आपसात वाटून देतील, आपले कैदी खंडणी भरून सोडवतील. मग बनू औफ, तेही तसंच. मग बनू साइदा, बनू हारिस... एकूण नऊ गटांची नावं आणि मागोमाग तेच कलम. पण गंमत पाहा : भावकी मोडलेली नाही. तिला कामाला लावून तिच्यावर एक मोठं छप्पर घातलंय. हे सगळे मिळून इतरांपासून वेगळी अशी एक उम्मत, म्हणजे एक समुदाय.

आता कान टवकारा. बनू औफचे यहुदी मुसलमानांसह एकाच उम्मतीत. यहुद्यांना त्यांचा धर्म, मुसलमानांना त्यांचा. पाठोपाठ इतर कुळांच्या यहुद्यांनाही तेच लागू. हल्ला झाला तर एकमेकांना मदत, खर्च ज्याचा त्याने सोसायचा. मूर्तिपूजकांचाही उल्लेख येतो, मक्केच्या कुरैशांना आसरा देऊ नये म्हणून. म्हणजे कराराच्या बंधनातून तेही सुटलेले नाहीत. मित्रपक्षाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला नाही. वाद मिटला नाही तर निवाडा अल्लाह आणि मुहंमद यांच्याकडे. आणि ज्याला आश्रय दिला तो, अपाय करत नाही तोवर, आश्रय देणाऱ्याइतकाच सुरक्षित.

ते शेवटचं तुमच्यासाठी आहे. बागेतल्या त्या माणसाने तुम्हाला घरात घेतलं, तर तुम्ही आता कुणाचे तरी झालात.

या करारात आजच्या नागरिकत्वाचं बीज शोधायचं तर माझ्या मते ते उम्मत या मोठ्या शब्दापेक्षा आणखी एका छोट्या कलमात आहे : श्रद्धावानांपैकी अगदी सामान्य माणसानेही अभय दिलं, तर ते सगळ्यांवर बंधनकारक. ते कागदावरच राहिलं का, हे पाहायला काही वर्षं पुढे चला. पहाटेची नमाज सुरू झाली आहे. स्त्रियांच्या बाजूने हाक येते : मी अबुल आस याला अभय दिलंय! बोलणारी पैगंबरांची मुलगी जैनब. अबुल आस तिचा नवरा, अजून इस्लाम न स्वीकारलेला, मक्केच्या बाजूचा. नमाज संपल्यावर पैगंबर सांगतात की हे आपल्यालाही आत्ताच कळलं. पण सामान्यातला सामान्यही अभय देऊ शकतो. अबुल आस सुरक्षित राहतो आणि त्याचा लुटला गेलेला मालही परत मिळतो.

पण इथून थेट आजच्या काळात उडी मारलीत तर फसवणूक होईल. 624 ते 627 या काळात कैनुका आणि नजीर या यहुदी कबिल्यांना मदिना, म्हणजे तेच यसरिब, सोडावी लागते, आणि करार मोडून शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून कुरैजाच्या पुरुषांना ठार केलं जातं. या तिघांची नावं सहीफ्यात नाहीत. ते करारात सामील होते का, यावर विद्वान आजही भांडतात. पुढे साम्राज्यं पसरली तसं मुस्लिमेतरांना जिझिया हा कर भरून संरक्षण मिळालं, बरोबरी नाही. ऑटोमन साम्राज्यात जिझिया रद्द व्हायला 1856 उजाडावं लागलं.

मग विसाव्या शतकात हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह सहीफ्याला जगातली पहिली लेखी राज्यघटना म्हणतात. राज्यघटना हे नाव मला जरा उत्साहाचं वाटतं. हा कबिल्यांमधला तह आहे, आणि त्याचं मोल तेवढ्यानेही कमी होत नाही.

शेवटचा मुक्काम जानेवारी 2016, मोरोक्कोतलं माराकेश. अडीचशेहून अधिक धर्मपंडित, विचारवंत आणि प्रतिनिधी जमले आहेत. इतर धर्मांचे पाहुणेही आहेत. जाहीरनाम्याचा आधार तोच सहीफा. मुस्लिमबहुल देशांत सर्व धर्मीयांना सामावणारी नागरिकत्वाची संकल्पना शास्त्रातून विकसित करा, असं काम ते फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जाणकारांवर सोपवतात, आणि शाळांचे अभ्यासक्रम तपासायलाही सांगतात.