पुस्तिकेतला आकडा कुणासाठी होता? एमजीबी, नवा कॅमशाफ्ट आणि ठिणगीची वेळ

१/ १९६२ साली इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही स्पोर्ट्स कार बाहेर पडली. १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या. सुरुवातीच्या उच्च-कॉम्प्रेशन इंजिनाच्या पुस्तिकेत ठिणगीची वेळ नोंदली आहे : १० अंश. आज कॅमशाफ्ट बदलल्यावर हाच आकडा प्रमाण मानला, तर गाडी सुस्तावते. असे का व्हावे? #धागा

२/ मूळ प्रश्न ज्वलनाचा. सिलिंडरमधील मिश्रण क्षणार्धात पेटत नाही, ज्वाला पसरायला वेळ घेते. म्हणून पिस्टन शिखरावर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ६,००० फेऱ्यांवर ३६ अंश. अर्थात वेग वाढेल तशी ठिणगी लवकर हवी.

३/ आरंभी हे काम चालकाच्या हाती होते. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये स्टीअरिंगच्या डावीकडे ठिणगीची दांडी असे. ती मागे न घेता हँडल मारले, तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. काही अंशांची चूक तेव्हा हाडांवर बेतत असे.

४/ चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर चालणारी प्रणाली १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढे डिस्ट्रिब्यूटरमध्ये स्प्रिंगांनी आवरलेली वजने बसली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप लवकर पडते. चालकाचा निर्णय असा यंत्रात गेला.

५/ लवकर म्हणजे किती लवकर? मर्यादा ठरवली पेट्रोलने. ठिणगी फार लवकर पडली, तर उरलेले मिश्रण दाबाने स्वतःच भडकते. हेच नॉकिंग. १९२१ साली केटरिंग यांच्या हाताखालील टॉमस मिजली यांनी त्यावर शिशाच्या संयुगाचा उपाय शोधला. इंजिने सुखावली, हवा मात्र विषारी झाली. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली.

६/ आता तो १० अंशांचा आकडा पुन्हा पाहा. तो निसर्गनियम नव्हे, तो एक तह आहे. मूळ कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, ल्युकासचा डिस्ट्रिब्यूटर आणि त्या काळचे पेट्रोल हे त्याचे पक्षकार. एक पक्ष बदलला की कलमे पुन्हा लिहावी लागतात.

७/ एमजीबीत डिस्ट्रिब्यूटर फिरतो तोच कॅमशाफ्टवरील दात्यांनी. कॅमशाफ्ट काढायचा तर डिस्ट्रिब्यूटर आणि त्याचा दंडही काढावा लागतो. परत बसवताना एक दाता चुकला तरी वेळ ढळते. खूण सोपी आहे : चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलत असतील, तेव्हा पहिला सिलिंडर ठिणगीच्या शिखरापाशी असतो. क्रम १-३-४-२.

८/ खरा बदल मात्र आत घडतो. स्पोर्ट्स कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवतो. कमी वेगात थोडे मिश्रण मागे ढकलले जाते, जळका वायू आत उरतो आणि ज्वाला मंदावते. म्हणून तेथे ठिणगी आणखी लवकर हवी. उच्च वेगात उलट सिलिंडर छान भरतो, ज्वाला वेगाने पसरते आणि जादा घाई नको असते.

९/ फसगत येथेच होते. आयडलिंग सुधारावे म्हणून डिस्ट्रिब्यूटर फिरवून ६ अंश वाढवले, तर वरच्या वेगातही तेच ६ अंश वाढतात. तेथील नॉकिंग वाऱ्याच्या आणि सायलेन्सरच्या आवाजात ऐकूही येत नाही. कळते ते पिस्टनला भोक पडल्यावर.

१०/ म्हणून जाणकार उलट टोकाकडून सुरुवात करतात. इंजिन गरम करायचे, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे, वजने पूर्ण बाहेर जातील इतका वेग ठेवायचा आणि टायमिंग लाइटने एकूण अंश मोजायचे. बी-सिरीज इंजिनाला बहुधा ३० ते ३४ मानवतात. सुरुवात खालच्या आकड्याने करावी. मग आयडलिंगला किती उरतात ते पाहावे. कमी पडले, तर वजनांची धाव आखूड करावी लागते.

११/ त्या वजनांपाशी असलेल्या तुकड्यावर ल्युकासने एक आकडा कोरलेला असतो. तो डिस्ट्रिब्यूटरचे अंश सांगतो, क्रँकशाफ्टचे त्याच्या दुप्पट. १० कोरले असेल तर २० अंश. एकूण ३२ हवे असतील, तर सुरुवातीला १२ हाती येतात. बाहेरच्या अंगावर निर्मितीचा आठवडा आणि वर्षही सापडते. गाडीचा हा शिलालेखच.

१२/ जुन्या कागदावरील आकडा खोटा नसतो, तो आपल्या काळाशी प्रामाणिक असतो. तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला, हे विचारणे आपले काम. आणि नवे टायमिंग लावलेत, तर तारीख, कॅमशाफ्ट, पेट्रोल व अंश लिहून गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या मालकासाठी तोच नवा तहनामा. #धागासमाप्त