पीजीपी

पूर्ण नाव प्रिटी गुड प्रायव्हसी. ई-मेल व फाइली यांचे एन्क्रिप्शन करणारे आणि त्यांवर डिजिटल सही उमटवणारे सॉफ्टवेअर. कर्ते अमेरिकन प्रोग्रामर फिल झिमरमन (जन्म १९५४). पहिली आवृत्ती जून १९९१ मध्ये फुकट वाटली गेली. त्याआधी भक्कम एन्क्रिप्शन बहुतांशी सरकारे, लष्कर आणि बँका यांच्याकडेच होते.

पार्श्वभूमी : झिमरमन अण्वस्त्रविरोधी चळवळीतले. १९९१ साली अमेरिकी सिनेटपुढील विधेयक २६६ मध्ये, संदेशांचा मूळ मजकूर सरकारला मिळेल अशी सोय कंपन्यांनी ठेवावी, अशा आशयाचे कलम होते. त्यामुळेच घाईने पीजीपी बाहेर काढले, असे झिमरमन सांगतात. ते कलम पुढे गळले.

रचना : प्रत्येक संदेशासाठी एक नवी किल्ली तयार होते व तिने मजकूर बंद होतो. ही किल्ली, ज्याला संदेश पाठवायचा त्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून, सोबतच जाते. ती उघडते फक्त त्याच्या खासगी किल्लीने. पहिल्या आवृत्तीतला बासोमॅटिक हा सायफर (मजकूर बंद करण्याची गणिती पद्धत) झिमरमन यांनी स्वतः रचला होता. सायफरतज्ज्ञ एली बिहॅम यांनी त्यातले दोष दाखवल्यावर १९९२ मध्ये १२८ बिटांचा आयडिया सायफर आला. घरगुती सायफरवर विसंबू नये, हे यावरून पुरेसे कळावे.

किल्ली खरोखर त्याच माणसाची कशावरून, हा यातला खरा अवघड प्रश्न. पीजीपीने तो कोणा अधिकाऱ्यावर न सोपवता ओळखीपाळखीवर सोडला : लोक एकमेकांच्या किल्ल्यांवर सही करतात. त्यासाठी मेळावे भरत. प्रत्येक जण आपल्या किल्लीचा ठसा (नंतरच्या आवृत्त्यांत ४० अंक-अक्षरे) मोठ्याने वाचून दाखवी, बाकीचे हातातल्या छापील यादीशी ताडून, ओळखपत्र पाहून खूण करत.

निर्यातीचे प्रकरण : त्या काळी अमेरिकेत ४० बिटांहून मोठ्या किल्लीचे एन्क्रिप्शन निर्यातीपुरते दारूगोळ्यात जमा होते. पीजीपी इंटरनेटवरून परदेशी पोचल्याने १९९३ मध्ये सीमाशुल्क खात्याने झिमरमन यांची फौजदारी चौकशी सुरू केली. १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने संपूर्ण सोर्स कोड पुस्तकरूपाने छापला. फ्लॉपी बाहेर नेणे गुन्हा ठरू शकत होते, पुस्तकावर मात्र बंदी नव्हती! जानेवारी १९९६ मध्ये आरोप न ठेवता चौकशी बंद झाली. पाचव्या आवृत्तीचा कोड १९९७ मध्ये कागदावर छापूनच युरोपात गेला आणि तिथे स्कॅन झाला. २००० मध्ये निर्यातीचे निर्बंध बरेच सैल झाले.

मालकी : अनेकदा बदलली, २०१० ते २०१९ सिमँटेककडे होती.

प्रमाण : ओपनपीजीपी (१९९८), त्यावर आधारलेले मुक्त सॉफ्टवेअर जीएनयूपीजी (१९९९).

मर्यादा : पाठवणारा, घेणारा व विषयाची ओळ झाकली जात नाही. वापर किचकट. १९९९ च्या एका प्रसिद्ध चाचणीत १२ जणांना ९० मिनिटे दिली होती. बहुतेकांना काम जमले नाही आणि तिघांनी गुप्त मजकूर चुकून उघडाच धाडला. कायद्याची लढाई जिंकलेले पीजीपी सामान्यांच्या टपालात शिरले नाही, ते या किचकटपणामुळे. ते काम पुढे सिग्नल, व्हॉट्सॲप यांनी केले.

भारत : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार, आदेश असूनही मजकूर उलगडण्यास मदत न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याची सक्ती सुचवणारा राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा सप्टेंबर २०१५ मध्ये टीकेनंतर मागे घेण्यात आला.