कोरियाच्या राजबखरीचें संरक्षण

इतिहास लिहिणें कठीण आहेच. परंतु लिहिलेला इतिहास टिकविणें त्याहूनहि कठीण आहे. पोथी रेशमी वस्त्रांत बांधून देवघरांत ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, अशी समजूत आपल्या घरोघरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वाळवी, पावसाळा, आग आणि लूट यांना मात्र देवघराचा उंबरठा कधींच आड आला नाहीं. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती करून त्या दूरदूरच्या ठिकाणीं ठेवाव्या, ही युक्ति कोणासहि सुचण्यासारखी आहे. परंतु ती शतकानुशतकें राज्याचा नियम म्हणून पाळल्याचें उदाहरण विरळा. असें एक उदाहरण कोरियाच्या इतिहासांत आहे, व तें आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

चोसन राजवंशानें १३९२ पासून १९१० पर्यंत कोरियावर राज्य केलें. राजा निधन पावला म्हणजे त्याच्या कारकीर्दीची बखर रचण्यांत येई. तिला ‘सिल्लोक’ म्हणत. दरबारांत रोजचीं टिपणें घेण्यासाठीं स्वतंत्र इतिहासलेखक नेमलेले असत, व तीं टिपणें पाहण्याची प्रत्यक्ष राजासहि मनाई होती. १४०४ मध्यें राजा थेजोंग शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडला. ही गोष्ट इतिहासलेखकास कळूं देऊं नका, असें त्यानें बजावलें. बखरींत त्याच्या पडण्याची नोंद आहे, आणि त्या बजावण्याचीहि आहे! कोरियन लिपीचा प्रवर्तक सेजोंग हा त्याचाच पुत्र. त्यानें आपल्या पित्याची बखर पाहावयास मागितली, तेव्हां मंत्र्यांनीं त्यासहि विरोध केला. १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांतील पंचवीस राजांच्या या बखरी १,८९३ खंडांच्या आहेत.

राजाच्या मर्जीपासून ग्रंथ याप्रमाणें वांचला; आगीपासून व शत्रूपासून तो कसा वांचवावयाचा? आरंभीं बखरी राजधानींत व चुंगजू नगरांत ठेवीत. १४३९ मध्यें चोंजू व सोंगजू येथें आणखी दोन दप्तरखाने करण्याचें ठरलें, आणि १४४५ पर्यंत पहिल्या तीन राजांच्या बखरींच्या चार प्रती सिद्ध झाल्या. त्या हातानें लिहिलेल्या होत्या. पुढच्या बखरी धातूच्या खिळ्यांनीं छापूं लागले. १५३८ मध्यें या व्यवस्थेची पहिली परीक्षा झाली. सोंगजूचे नोकर रात्रीं दिवटी घेऊन दप्तरखान्याच्या माळ्यावरचीं कबुतरें धरावयास गेले, ठिणगी पडली, आणि सर्व दप्तर भस्म झालें. परंतु इतर ठिकाणच्या प्रतींवरून नवी प्रत तयार करून ती जागा पुन्हां भरण्यांत आली. व्यवस्था परिपूर्ण आहे असें त्या वेळीं कोणासहि वाटलें असतें.

तिच्यांतील उणीव १५९२ मध्यें उघडी पडली. त्या वर्षीं हिदेयोशीच्या जपानी फौजा कोरियांत उतरल्या. चारी दप्तरखाने मोठ्या नगरांत होते, आणि नगरें घेत जाणें हाच आक्रमकाचा मार्ग. राजधानी, चुंगजू आणि सोंगजू या तिन्ही ठिकाणच्या प्रती जळाल्या. चार निरनिराळ्या ठिकाणीं एकाच वेळीं दिवटी पडणार नाहीं, हा मुत्सद्द्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. परंतु युद्धाची आग एका गांवावरून दुसऱ्या गांवावर जाते, हें त्यांत धरलेलें नव्हतें. चार प्रती असूनहि संकटाच्या दृष्टीनें त्या जणूं एकाच घरांत ठेवलेल्या होत्या.

उरली चोंजूची एकटी प्रत. ती वांचविण्यास राज्याचें सैन्य आलें नाहीं. जवळच्या थेइन गांवचे दोन विद्वान् आले: चौसष्ट वर्षांचे आन उई आणि छप्पन्न वर्षांचे सोन होंग-रोक. तेरा राजांच्या बखरी पेट्यांत भरून त्यांनीं नेजांग पर्वतांतील एका मठांत नेल्या, आणि वर्षाहून अधिक काळ पाळीपाळीनें तेथें पहारा केला. कोणत्या दिवशीं कोण पहाऱ्यास होता, याचीहि त्यांनीं रोजनिशी ठेविली. त्या दोघांनीं आपल्या वयाकडे पाहून घर गांठलें असतें, तर पावणेदोनशें वर्षांचा हा वृत्तांत कोरियास कायमचा अंतरला असता.

युद्ध संपल्यावर १६०३ ते १६०६ या काळांत या एका प्रतीवरून तीन नव्या प्रती छापण्यांत आल्या. मूळ प्रत आणि मुद्रितशोधनाची प्रत धरून पांच झाल्या. आतां मात्र राजधानीची एक वगळतां बाकीच्या मानी, म्योह्यांग, थेबेक व ओदे या पर्वतांवर ठेविल्या. रक्षणाचें काम पर्वतांवरील बौद्ध मठांकडे आलें. ठराविक वर्षांनीं राजधानींतून इतिहासलेखक येई, दप्तर उघडी आणि ग्रंथांस ऊन-वारा देई. ही खबरदारी व्यर्थ गेली नाहीं. १६२४ च्या बंडांत राजधानीची प्रत जळाली. १६३६ च्या मांचू स्वारींत मानी पर्वतावरच्या प्रतीस उपद्रव झाला. ती दुरुस्त करून पुढें चोंगजोक पर्वतावर हलविली. म्योह्यांगची प्रत उत्तरेकडील शत्रूच्या भयानें १६३३ मध्येंच दक्षिणेस चोकसांग पर्वतावर नेली होती.

पुढें राज्य गेलें. जपानी अंमलांत १९१३ मध्यें ओदे पर्वतावरची प्रत टोकियोच्या विद्यापीठांत नेण्यांत आली. तीन शतकें डोंगरांत निर्वेध राहिलेले ते ग्रंथ १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींत जळाले. वाचावयास बाहेर दिलेलीं थोडीं पुस्तकें तेवढीं वांचलीं. त्यांतील ४७ पुस्तकें २००६ मध्यें कोरियास परत मिळालीं. चोकसांगची प्रत १९५० च्या युद्धांत उत्तर कोरियांत गेली, थेबेकची आज पुसानला आहे, आणि चोंगजोकची सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठांत आहे.

आज संगणकांचीं प्रचंड भांडारें हाच नियम पाळतात. गूगलच्या अभियंत्यांनीं २००३ मध्यें आपल्या भांडाराची रचना प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक तुकड्याच्या साधारणतः तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवीत, आणि एखादी नष्ट झाली कीं उरलेल्यांवरून नवी करीत. सोंगजूच्या आगीनंतर कोरियाच्या दरबारानें हेंच केलें होतें. मात्र प्रती किती आहेत एवढेंच मोजून भागत नाहीं. एकच संकट त्यांतील कितींना गांठूं शकेल, हेंहि मोजावें लागतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आजोबांचीं पत्रें, वंशावळी, जुनीं छायाचित्रें असतील. त्यांची दुसरी प्रत असली, तरी ती त्याच कपाटांत आहे काय, हें एकदां अवश्य पाहावें.

सोलला असलेली चोंगजोकची प्रत म्हणजेच, तिच्या प्राचीन भागापुरती, चोंजूची मूळ प्रत. आन उई आणि सोन होंग-रोक यांनीं डोंगरांत नेलेले ते ग्रंथ अद्यापि वाचतां येतात, आणि राजा घोड्यावरून कसा पडला हें त्यांत जसेंच्या तसें आहे.