चौपाटीवरचं वजन

विमान पोटमाळ्यावरून खाली आलं तेव्हा त्याच्या अंगावर तीन रंग होते. वर पिवळा, त्याखाली लाल, आणि पंखाच्या टोकाशी पोपडा उडाला होता तिथून डोकावणारा फिका निळा. गिरगावात खोताच्या वाडीतलं घर, लाकडी जिना, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यातल्या टेबलावर हे बाल्साचं, रेडिओवर चालणारं मॉडेल. मालकांनी एवढंच विचारलं, "उडेल का रे हे परत?"

इंजिन, बॅटरी, रिसीव्हर, सर्व्हो काढून नुसता सांगाडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 1065 ग्रॅम. मग पंखाखालचं झाकण उघडलं. आतल्या आडव्या फळीवर बांधणाऱ्याने शिसपेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : 'रिकामं – 780'. म्हणजे 285 ग्रॅम नंतर चढलेले. कोणी मुद्दाम चढवलेले नव्हेत. एकदा शेपूट मोडली, एकदा पंख सांध्यात तडकला, दर काही वर्षांनी कोणीतरी हौसेने रंग दिला.

त्याच दिवसांत मी शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाबद्दल जे जे लिहिलं गेलंय ते वाचत होतो. तेही इथलंच प्रकरण. ज्यांच्या नावाने ही वाडी आहे ते दादोबा वामन खोत पाठारे प्रभू. त्यांनी इथल्या जागेचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि ही लाकडी घरांची वसाहत उभी राहिली. तळपदेही पाठारे प्रभूच. जन्म 1864, मृत्यू 1916. संस्कृतचे अभ्यासक, आर्यसमाजी, जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेले. आणि ज्या चौपाटीवर त्यांनी 1895 साली 'मरुत्सखा' उडवलं असं सांगतात ती वाडीतून पायी पाव तासावर.

गोष्ट बहुतेकांना तोंडपाठ आहे. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, माणूस न बसवता, विमान 1500 फूट वर गेलं आणि खाली आलं. पाहायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड. बातमी 'केसरी'त. इंजिन पाऱ्याचं. मग इंग्रज सरकारचा दबाव, पैशाची चणचण, आणि अवशेषांची विक्री. 2015 साली यावर 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमा आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला. हा सगळ्यात वरचा, पिवळा रंग.

तो खरवडायला घेतला की पहिली गोष्ट हाती लागते ती 'केसरी'ची. गोष्ट सांगणारे 'केसरी'चा हवाला देतात, पण अंकाची तारीख देत नाहीत. 1895 साली 'केसरी' पुण्याहून निघणारं साप्ताहिक होतं, मंगळवारी येणारं. वर्षाचे अंक पन्नासच्या आसपास. रोजच्या वर्तमानपत्रात बातमी हरवली म्हणणं समजू शकतं. पन्नास अंकांतला एक अंक तारखेने सांगता येऊ नये, हे मला खटकतं. जो माणूस पंधराशे हा आकडा छातीठोक सांगतो, त्याने तारीखही सांगायला हवी.

रानड्यांचं नाव अशक्य नाही. 1893 पासून ते मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते आणि गिरगावातल्या प्रार्थना समाजाच्या मंदिरात त्यांचं येणंजाणं होतं. चौपाटी त्यांच्या वाटेवरची. पण असू शकणं आणि असणं यांत फरक आहे. नाव शोभून दिसतं म्हणून ते गोष्टीत आलं असेल, तर रंगाचाच आणखी एक हात म्हणायचा.

आता 1500 फूट. फोर्टातला राजाबाई टॉवर 280 फुटांचा. तो 1878 साली पुरा झाला आणि 1895 च्या मुंबईकराच्या डोळ्यांत 'उंच' याचा अर्थ तोच होता. 1500 फूट म्हणजे एकावर एक पाच राजाबाई टॉवर ठेवून वर आणखी शंभर फूट. इतक्या उंचीवर काही गेलं असतं तर ते नुसत्या चौपाटीने पाहिलं नसतं, मलबार हिलपासून गिरगावापर्यंत सगळ्यांनी पाहिलं असतं. आणि हे शहर आकाशाबाबत उदासीन नव्हतं. 1889 साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबईत बलूनमधून पॅराशूटने उडी मारली तेव्हा ते पाहायला लोक लोटले होते. शिवाय उंची मोजली कोणी, कशाने? आकडा पूर्ण शेकड्यात आला की मी सावध होतो. पेन्सिलीतला 780 विश्वासाचा वाटतो, कारण काट्यावर ठेवल्याशिवाय तो कोणी लिहीत नाही.

यापेक्षा हलकी एक आठवण आहे. श्रीपाद दामोदर सातवळेकर, वेदांचे भाष्यकार, तरुणपणी जे. जे.त शिकलेले चित्रकार, तळपद्यांहून तीन वर्षांनी लहान. त्यांच्या नावावर दिली जाणारी हकिगत एवढंच म्हणते की यंत्र काही मिनिटं हवेत राहिलं. त्यात पंधराशे फूट नाहीत. ही आठवण लाल थर धरू. तिच्यावर मी एकदम नख चालवणार नाही. पण ती त्या वेळची नोंद नव्हे, नंतर सांगितलेली आठवण आहे.

पाऱ्याकडे मात्र काटा घेऊनच जावं लागतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. एक लिटर पारा म्हणजे साडेतेरा किलो. तिकडे अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली याच सुमारास हेच करत होता : माणसाशिवाय उडणारी, वाफेच्या इंजिनाची मॉडेलं. त्याचं पाच नंबरचं मॉडेल इंजिनासकट जेमतेम 11 किलोचं, पंख चार मीटरांहून थोडे जास्त. 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीत, हाऊसबोटीच्या छपरावरून कॅटपल्टने फेकल्यावर ते सुमारे 1000 मीटर उडालं. साक्षीला अलेक्झांडर ग्रॅहम बेल होते, त्यांनी फोटो काढले. म्हणजे जे निर्विवादपणे उडालं त्या आख्ख्या यंत्रापेक्षा आपल्याकडचा एक लिटर पारा जड. तो तापवायला भांडं, विस्तव, त्याभोवती बांबूचा पिंजरा हे वेगळंच.

लँग्लीचा उल्लेख आणखी एका कारणाने करतो. पाचाआधीची त्याची मॉडेलं उडाली नव्हती. कुठे वाफ पुरली नाही, कुठे पंख हवेच्या दाबाने पिळवटले. पंख मजबूत करावेत तर वजन वाढे, वजन काढावं तर ते मोडत. चार नंबरचं पडलेलं मॉडेल त्याने फेकलं नाही. पुन्हा बांधलं, इतकं बदललं की त्याला सहा नंबर दिला, आणि नोव्हेंबर 1896 मध्ये ते पाचाच्याही पुढे, जवळजवळ दीड किलोमीटर गेलं. जुनं मॉडेल हलकं करून उडवण्याचं हे बहुधा सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण. त्याच्याकडे वह्या होत्या, वजनं होती. तळपद्यांची अशी वही आपल्यापुढे नाही, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत पंधराशे फूट येऊन बसलेत.

पण तळपद्यांच्या बाबतीत एक कागद आहे, आणि तो आश्चर्यकारकपणे कमी वाचला जातो. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी (मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू) 'वैमानिक शास्त्र' या संस्कृत ग्रंथाची छाननी केली. ग्रंथ भरद्वाजांचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो अनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी 1918 ते 1923 या काळात सांगून लिहवून घेतलेला; आकृत्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने 1923 मध्ये काढलेल्या. त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही, हा पाच जणांचा निष्कर्ष सगळे उद्धृत करतात. त्याच लेखात ग्रंथाचा माग काढताना मुंबईच्या तळपद्यांचाही उल्लेख येतो. त्याचा मथितार्थ असा : शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी काही मॉडेलं केली, पण त्यांतलं एकही उडवण्यात त्यांना यश आलं नाही. ही माहिती शास्त्रींच्या बाजूच्या लोकांकडून आलेली, म्हणजे ज्यांना 'उडालं' म्हणण्यात फायदा होता त्यांच्याकडून. आपल्या विरुद्ध जाणारी साक्ष माणूस उगाच देत नाही.

आता तारखा शेजारी ठेवा. 'मरुत्सखा' 1895. तळपद्यांचा मृत्यू 1916. ग्रंथ सांगायला सुरुवात 1918. मग चौपाटीवरच्या यंत्राला 'वैमानिक शास्त्रा'तले पाऱ्याचे कुंभ कुठून लागले? माझ्या मते दोन वेगळ्या काळांतले प्रयोग पुढच्या लोकांनी एकावर एक चिकटवले. तळपद्यांचा स्वतःचा उगम वेगळा आणि गिरगावातलाच. एप्रिल 1875 मध्ये स्वामी दयानंदांनी आर्य समाज स्थापन केला तो गिरगावात. काकडवाडीतलं समाजाचं मंदिर इथून फार लांब नाही. दयानंदांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात नौका आणि विमानं यांच्या विद्येवर एक प्रकरण आहे. तळपदे ते वाचून पेटले, आणि पुढे त्यांनी स्वतः 'प्राचीन विमान कलेचा शोध' हे मराठी पुस्तक लिहिलं. पुस्तक लिहून माणूस थांबला नाही, हातात बांबू घेतला. त्या काळच्या मुंबईत वेदांत विमान आहे म्हणणारे पुष्कळ असतील. करून बघू म्हणणारा हा.

तेव्हा माझा अदमास असा : मॉडेल होतं. बहुधा एकाहून जास्त. चौपाटीवर काहीतरी करून पाहिलं गेलं असणं शक्य आहे, वाळूवर पडलं तर कमी मोडतं हे कुठल्याही मॉडेलवाल्याला कळतं. 'उडालं' या शब्दाने लोक काय समजले ते प्रत्येकाच्या उत्साहावर.

जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या हातून इतिहास कसा बिघडतो याचाही दाखला लँग्लीचाच. त्याचं माणसाला घेऊन उडायचं मोठं विमान 1903 मध्ये ऑक्टोबरात आणि डिसेंबरात, दोन्ही वेळा नदीत पडलं. दुसऱ्यांदा 8 डिसेंबरला. नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. 1914 मध्ये ग्लेन कर्टिसने ते अवशेष दुरुस्त केले, करताना बरेच बदल केले, आणि थोडंसं उडवून दाखवलं. स्मिथसोनियन संस्थेने मग ते पुन्हा 1903 सारखं करून मांडलं आणि पाटी लावली की माणसाला घेऊन उडण्याची क्षमता असलेलं जगातलं हे पहिलं विमान. ऑर्व्हिल राइट इतका दुखावला की त्याने आपलं मूळ विमान 1928 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. संस्थेने 1942 मध्ये चूक छापून कबूल केली. विमान मायदेशी यायला 1948 उजाडलं. दुरुस्ती करताना काय बदललं ते लिहून न ठेवल्याची ही किंमत.

म्हणून व्हरांड्यातल्या टेबलावर मी वही ठेवली. तिन्ही रंग आणि त्याखालचं कापड : 110 ग्रॅम. इंजिनामागच्या लाकडात मुरलेलं एरंडेल, इंधनातलं, दहा दिवस टॅल्कम पावडर थापून ओढून काढलं : 35. शेपटीला कोणीतरी प्लायवूडचा तुकडा ठोकला होता, तो 25 ग्रॅमचा. पण शेपूट तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब, म्हणून तेवढ्या तुकड्याचा तोल साधायला नाकात 75 ग्रॅम शिसं खिळलेलं. तुकड्याच्या जागी बाल्सा घातला, शिसं आपोआप निघालं. एका चुकीच्या ठिगळाला जागेवर ठेवायला किती वजन लागतं ते तळहातावर तोलून पाहिलं. मालकांनाही दिलं. ते म्हणाले, "हे मीच लावलं होतं. ठिगळ वडिलांचं."

सांगाडा आता 820 वर आहे. राहिलेले 40 ग्रॅम म्हणजे पंखाच्या मधल्या सांध्यातला इपॉक्सीचा गोळा. तो पोखरायला घेतला तर पंखाचे दोन तुकडे होतात. तसाच ठेवला, आणि आडव्या फळीवर 780 च्या खाली पेन्सिलीने लिहिलं : '820 – सांध्यात जुना डिंक 40, काढलेला नाही.' पुढे तारीख.